पोटगी म्हणजे फक्त पोटापुरतं का? कोर्ट हा आकडा ठरवतं कसा, इथलं आणि बाहेरचं

बिंदू चौक | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. विषय घरातला आहे, म्हणून नावं आणि गाव सांगत नाही. माझ्या धाकट्या बहिणीला करवीर तालुक्यातल्या एका गावात दिलं होतं. सोळा वर्षं संसार केला तिनं. तीन एकर ऊस, चार म्हशी, दोन गाई, ट्रॅक्टर. पहाटे चारला उठून धारा काढायच्या, दूध डेअरीत घालायचं, मग वैरण, शेण, भांगलण. सातला परत चुलीपाशी. दोन वर्षांपूर्वी लेकीला घेऊन ती माहेरी आली. का आली ते इथं लिहिण्यासारखं नाही. घटस्फोटाचा दावा आणि पोटगीचा अर्ज, दोन्ही आता कोर्टात आहेत.

परवा समोरच्याचं म्हणणं दाखल झालं. महिन्याचं उत्पन्न बारा हजार, शेत वडिलांच्या नावावर, दूधसंस्थेचं खातं आईच्या नावावर, आणि अर्जदार शिवणकाम जाणते म्हणून स्वतःचं पोट भरायला समर्थ आहे, असं लिहिलंय. वकिलांनी वाचून दाखवलं तेव्हा ती काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "आक्का, म्हशी मी सांभाळल्या, आन् कागदात मी कुठंच न्हाई की गं."

मला खरंच समजून घ्यायचंय. कोर्ट हा आकडा काढतं कसा? काही सूत्र आहे का, की साहेबांच्या मनावर? आणि परदेशात 'अर्धं मिळतं' म्हणतात ते खरं आहे का? तिथं लोक हा प्रश्न कसा सोडवतात? जाणकारांनी सविस्तर लिहावं, कितीही लांबलं तरी मी वाचणार आहे.

निवृत्त शिरस्तेदार | रविवार, रात्री १०.५५

ताई, माझी तीस वर्षं कोर्टात गेली. खावटीच्या, म्हणजे पोटगीच्या, अर्जांवर तारखा लिहून हात दुखले. म्हणून जरा पहिल्यापासून सांगतो.

आपल्याकडे पोटगीच्या वाटा तीन-चार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. फौजदारीकडची वाट म्हणजे जुनं १२५ कलम. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं. ते कुठल्याही धर्माच्या बायकोला, मुलांना, आईवडिलांना लागू आहे, आणि घटस्फोट झाल्यावरही बाईनं पुन्हा लग्न केलं नसेल तोवर लागू राहतं. दिवाणीकडे हिंदू विवाह कायदा १९५५. त्यातलं कलम २४ दावा चालू असतानाच्या खर्चासाठी, कलम २५ कायमच्या पोटगीसाठी. हा कायदा 'पत्नी' म्हणत नाही, दोघांपैकी कुणीही मागू शकतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २०२२ मध्ये एका शिक्षिकेनं घटस्फोटित नवऱ्याला महिना ३,००० रुपये द्यावेत हा आदेश कायम केला होता. याशिवाय २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, त्यातही खर्च मागता येतो. एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे वजा धरतात, म्हणून सगळे अर्ज प्रत्येक कोर्टाला सांगायचे. लपवलंत तर अंगाशी येतं.

आता आकडा. कायद्यात सूत्र नाही. कलम २५ म्हणतं, देणाऱ्याची मिळकत आणि मालमत्ता बघा, मागणाऱ्याची बघा, दोघांचं वर्तन आणि बाकीची परिस्थिती बघा. बस. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये एका बंगाली जोडप्याच्या प्रकरणात निव्वळ पगाराच्या २५ टक्के योग्य ठरतील असं म्हटलं. पगार ९५,५२७ होता, दिले २०,०००, कारण नवऱ्याचं दुसरं लग्न होऊन त्याच्यावर नवा भार आला होता. तेव्हापासून सगळे 'पंचवीस टक्के' घोकतात, पण तो लोखंडी नियम नव्हे. त्याआधी 'एक पंचमांश' घोकायचे. ते आलं १८६९ च्या घटस्फोट कायद्यातून. ख्रिस्ती जोडप्यांसाठीचा तो कायदा होता, आणि दावा चालू असताना नवऱ्याच्या तीन वर्षांच्या सरासरी उत्पन्नाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त देऊ नये अशी अट त्यात होती. २००१ मध्ये ती काढली, पण सवय राहिली. १२५ कलमात तर २००१ पर्यंत ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. नव्वदच्या दशकात पाचशे रुपयांसाठी आजऱ्याहून एसटीनं आलेल्या बाया मी पाहिल्यात, निम्मे पैसे तिकिटात जायचे.

काळा कोट | सोमवार, सकाळी ७.२०

शिरस्तेदार काकांनी पाया घातला, मी ताईंच्या कामाचं सांगते.

४ नोव्हेंबर २०२० चा रजनीश विरुद्ध नेहा हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुमच्या वकिलांना माहीत असेलच. त्या दिवसापासून पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं आहे. आणि इथं लक्ष द्या: शेतकऱ्यांसाठी त्या निकालाला वेगळा नमुना जोडलेला आहे. जमीन किती, स्वतःचा हिस्सा किती, ओलिताची की कोरडवाहू, पिकं कोणती, गेल्या तीन वर्षांचं उत्पन्न, दुसऱ्याची जमीन वाट्यानं केली आहे का, म्हशी-गाई-शेळ्या-कोंबड्या किती आणि त्यांचं उत्पन्न काय, दूधधंदा आहे का. सगळं विचारलंय. आपल्या भागात पुष्कळदा पगारदारांचाच नमुना भरून मोकळे होतात, रकाने कोरे राहतात आणि बारा हजारावर काम भागतं. पहिला अर्ज हाच करा: समोरच्यानं शेतीचा नमुना भरावा.

दुसरं, ऊस लपत नाही. कारखान्याला गेलेल्या प्रत्येक खेपेचं वजन नोंदलं जातं आणि बिल बँकेत पडतं. दूधसंस्थेकडे लिटर आणि फॅटची नोंद असते. खातं सासूच्या नावावर असू दे, उतारा मागवण्याचा अर्ज कोर्टात देता येतो.

सासऱ्यांची जमीन स्वकष्टार्जित असेल तर जरा अवघड आहे. वडिलोपार्जित असेल तर मुलाचा जन्मानं हिस्सा आहे, तो हिशेबात धरायला सांगता येतं. जुने फेरफार काढा, सातबारा एकटा पुरत नाही. कलम २५ खाली पोटगीचा बोजाही स्थावरावर चढवता येतो, हे फार थोडे लोक मागतात.

'शिवणकाम येतं' याची चिंता नको. कमवू शकणं आणि प्रत्यक्ष कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलंय. रक्कम अर्जाच्या तारखेपासून मिळते, निकालाच्या नव्हे. लेकीची पोटगी वेगळी मागा, आईच्या रकमेत मिसळू देऊ नका.

शिरोलीचा फौंड्रीवाला | सोमवार, दुपारी १.१०

मी देणाऱ्यांपैकी आहे. आमचा घटस्फोट झाला, मुलगा तिच्याकडे. पोटगी ठरली तेव्हा मी एका फौंड्रीत सुपरवायझर होतो, ओव्हरटाइम धरून पगार चांगला होता. पुढं काम कमी झालं, ओव्हरटाइम गेला, मग नोकरीही गेली. सात महिने थकले. वॉरंट घेऊन पोलीस दारात आले तेव्हा आई ओसरीवर बसली होती. त्या दिवसानंतर तिचं बीपी जे वाढलं ते वाढलंच.

माझी चूक एवढीच, की परिस्थिती बदलली तर रक्कम कमी करून मागता येते हे मला कुणी सांगितलं नाही. अर्ज देईपर्यंत थकबाकी चढत राहिली. बहिणीला मिळायला पाहिजे, शंभर टक्के पाहिजे. पण या धाग्यावर येणाऱ्या माझ्यासारख्यांनी हेही वाचावं: पगार तुटला की त्याच महिन्यात कोर्टात जा. गप्प बसू नका.

निवृत्त शिरस्तेदार | सोमवार, दुपारी ३.३०

भावा, बरोबर लिहिलंस. पूर्वी १२७ कलम होतं, आता १४६. वाढवायलाही तेच, कमी करायलाही तेच. आणि बायकांच्या बाजूनं: थकबाकी वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा असतो. कित्येक जणी 'देईल आज ना उद्या' म्हणत वर्ष घालवतात.

मेहंदी | सोमवार, रात्री ११.०५

आमच्यात काय होतं ते मी लिहिते, कारण ऐकीव माहितीच जास्त पसरते.

निकाहाच्या वेळी मेहर, म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम, ठरते, ती बायकोची हक्काची. तलाकनंतर इद्दत, साधारण तीन महिने, तेवढ्या काळाचा खर्च नवऱ्यानं द्यायचा. त्याशिवाय कुरआनात 'मता' सांगितलेली आहे, म्हणजे सोडलेल्या बायकोला रीतीप्रमाणे काहीतरी देऊन सन्मानानं निरोप. या 'मता'चा अर्थ किती मोठा घ्यायचा यावरच सगळा फरक पडतो. इजिप्तमध्ये १९८५ च्या कायद्यानं किमान दोन वर्षांच्या खर्चाइतकी मता ठरवली, वर नवऱ्याची ऐपत, तलाकची परिस्थिती आणि लग्न किती वर्षं टिकलं हे बघायचं. ट्युनिशियानं १९८१ मध्ये त्याहून पुढं जाऊन, नुकसान झालेल्या बाईला मरेपर्यंत किंवा दुसरं लग्न होईपर्यंत दरमहा रक्कम मागायची सोय केली. दोन्ही मुस्लिम देश आहेत.

आपल्याकडे शाहबानो. इंदूरच्या. लग्न १९३२ चं, नवरा वकील, १९७५ मध्ये घराबाहेर काढलं, १९७८ मध्ये तलाक. मॅजिस्ट्रेटनं महिना २५ रुपये ठरवले. पंचवीस! उच्च न्यायालयानं ते १७९ रुपये २० पैसे केले आणि एवढ्या रकमेविरुद्ध नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ ला ती जिंकली, १९८६ ला संसदेनं नवा कायदा करून तो निकाल बाजूला सारला. पण २००१ मध्ये दानियल लतीफी प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी त्याच कायद्याचा अर्थ असा लावला, की इद्दतीच्या काळात द्यायची ती तरतूद फक्त त्या तीन महिन्यांसाठी नाही, बाईच्या पुढच्या आयुष्यासाठी वाजवी असली पाहिजे. आणि १० जुलै २०२४ ला तेलंगणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तलाक झालेली मुस्लिम बाई १२५ खालीसुद्धा मागू शकते.

माझ्या खालेला, म्हणजे मावशीला, यातलं काहीही कुणी सांगितलं नाही. मेहरचे पाचशे एक रुपये हातावर ठेवले आणि 'झालं' म्हणाले. म्हणून लिहिलं.

ऱ्हाईनकाठ | मंगळवार, पहाटे २.१५

मूळचा मंगळवार पेठेचा, अठरा वर्षं जर्मनीत. ताईंनी 'अर्धं मिळतं का' विचारलंय. इथं त्याचं उत्तर तीन खिशांत विभागलंय.

पहिला खिसा, लग्नाच्या काळात वाढलेली संपत्ती. लग्नाच्या दिवशी दोघांचं काय होतं, मोडताना काय आहे, हे मांडतात. ज्याची वाढ जास्त, त्यानं फरकाच्या निम्मं दुसऱ्याला पैशात द्यायचं. दुसरा खिसा पेन्शनचा. लग्नाच्या वर्षांत दोघांनी कमावलेले पेन्शनचे हक्क अर्धे अर्धे वाटले जातात. घरी बसून मुलं वाढवलेल्या बाईच्या नावावर म्हातारपणी पेन्शन येतं, ते यामुळे. आणि हे दोन्ही झाल्यावर तिसरा खिसा, दरमहाची पोटगी. तिथं मात्र हात आखडलाय. १ जानेवारी २००८ च्या सुधारणेनंतर घटस्फोटानंतर ज्यानं त्यानं स्वतःचं बघायचं हे तत्त्व आहे. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत सांभाळणाऱ्याला पोटगी नक्की, पुढं कारण दाखवावं लागतं. आजारपण, वय, नोकरी न मिळणं ही कारणं चालतात. कुणाची चूक होती हा प्रश्न १९७७ पासून घटस्फोटाच्या कायद्यातून गेलाय.

एक गोष्ट तुमच्या कामाची वाटली. मालमत्तेची वाढ मोजताना शेत असेल तर त्याची किंमत बाजारभावानं धरत नाहीत. शेतातून उत्पन्न किती निघतं यावर धरतात, म्हणजे वाटा देण्यासाठी शेत विकायची वेळ येऊ नये. 'बायकोला वाटा दिला तर रान तुकड्यानं जाईल' असं आपल्याकडे म्हणतात, त्यावर इथं हा तोडगा काढलाय.

शेजारच्या फ्रान्समध्ये अजून वेगळं. तिथं १९७५ पासून 'भरपाईची रक्कम' अशी कल्पना आहे. लग्न मोडल्यामुळे दोघांच्या राहणीमानात जी दरी पडते, ती भरायची. न्यायाधीश लग्नाची वर्षं, वय, तब्येत, मुलांसाठी कुणी नोकरी सोडली, पेन्शनचं काय, असं सगळं बघतात आणि शक्यतो एकरकमी आकडा ठरवतात. एकदम जमत नसेल तर आठ वर्षांपर्यंत हप्ते. जन्मभर दरमहा फक्त अपवाद म्हणून.

विनिपेगकर | मंगळवार, सकाळी ८.५०

कॅनडात सूत्र आहे! कायदा नाही तो, २००८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण न्यायाधीश आणि वकील दोघंही आधी तोच हिशेब मांडतात. मुलांचा खर्च नसेल तेव्हाचं सूत्र असं: दोघांच्या वार्षिक उत्पन्नातला फरक घ्यायचा, लग्नाच्या प्रत्येक वर्षामागे त्याचे दीड ते दोन टक्के. मुदत, लग्नाच्या प्रत्येक वर्षामागे अर्धं ते एक वर्ष. वीस वर्षं किंवा जास्त संसार असेल तर मुदत ठरवत नाहीत.

ताईंच्या बहिणीची सोळा वर्षं घेऊन बघा. एकाचं उत्पन्न ६०,००० डॉलर, दुसरीचं १०,०००. फरक ५०,०००. सोळा वर्षांचे २४ ते ३२ टक्के, म्हणजे वर्षाला १२,००० ते १६,०००, आणि आठ ते सोळा वर्षं. मूल असेल तर दुसरं सूत्र लागतं, ते बरंच गुंतागुंतीचं आहे.

यामागे एक जुना खटला आहे, आमच्याच मॅनिटोबातला, मोगे. पोलंडहून आलेलं जोडपं, तो वेल्डर, ती दिवसा मुलं आणि घर सांभाळून संध्याकाळी ऑफिसं झाडायची. घटस्फोटानंतर बऱ्याच वर्षांनी तो म्हणाला, आता तिनं स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं होतं. १९९२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही. संसारात तिनं जे गमावलं त्याची किंमत दोघांनी उचलायची, असं त्या निकालाचं सार. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी आई आठवली. आईचा घटस्फोट झाला नव्हता, तरी आठवली.

अमेरिकेत राज्यागणिक बदलतं. टेक्सासमध्ये उत्पन्नाचे २० टक्के किंवा ५,००० डॉलर, यातलं कमी ते, त्यावर कोर्ट जाऊ शकत नाही. कॅलिफोर्नियात दहा वर्षांच्या आतलं लग्न असेल तर साधारण निम्मी मुदत धरतात, पण लग्नात कमावलेलं सगळं तिथं दोघांचं असतं. फ्लोरिडानं २०२३ मध्ये कायमची पोटगीच बंद केली.

शिरोलीचा फौंड्रीवाला | मंगळवार, दुपारी १.३०

हे सूत्र इथं हवं होतं. माझ्या प्रकरणात तीन वकिलांनी तीन आकडे सांगितले होते. निदान आत जाताना माणसाला अंदाज हवा.

काळा कोट | मंगळवार, रात्री ९.००

सूत्राला माझा विरोध नाही, पण भीती आहे. पगारपत्रक असणाऱ्यांना सूत्र बरं. आपल्याकडे उत्पन्नच लपवलेलं असतं. बारा हजाराचे तीस टक्के काढून काय हाती लागणार? आधी खरं उत्पन्न बाहेर काढण्याची लढाई आहे.

ताई, तुमच्या बहिणीचं वाक्य वाचल्यापासून एक इंग्लिश खटला डोक्यात आहे. व्हाइट विरुद्ध व्हाइट, २०००. दोघंही शेतकरी, सॉमरसेटकडचे, तीस वर्षांवर संसार, दूधधंदा दोघांनी मिळून वाढवलेला. खालच्या कोर्टानं हिशेब मांडला तो असा: या बाईला आता घर आणि जगण्यापुरतं किती लागेल? तेवढं द्या, बाकी शेत नवऱ्याचं. म्हणजे आपली 'पोटगी'च. त्यांच्या सर्वोच्च पीठानं, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सनं, हा प्रश्नच चुकीचा ठरवला. कमावणारा आणि घर सांभाळणारी यांच्यात भेदभाव नको, आणि आकडा ठरवला की तो समान वाट्याच्या मापानं ताडून बघा, निम्म्यापेक्षा कमी देत असाल तर कारण द्या, असं सांगितलं. तरी त्या बाईला निम्मं मिळालं नाही, कारण सुरुवातीला नवऱ्याच्या वडिलांनी मदत केली होती. सासऱ्याच्या जमिनीचा पेच तिथंही आला, बघा.

पुढं २००६ मध्ये तिथल्याच कोर्टानं तीन कसोट्या सांगितल्या: गरज, भरपाई आणि वाटा. मला वाटतं या धाग्यावरचे सगळे देश या तिघांत कुठं ना कुठं बसतात. कॅनडा आणि फ्रान्स भरपाईकडे झुकतात, जर्मनी आधी वाटा देतो आणि मग गरज बघतो. स्कॉटलंड तर वाटा देऊन सावरायला जास्तीत जास्त तीन वर्षं देतं. आपण अजून गरजेवर अडून आहोत, कारण आपल्याकडे लग्नात कमावलेली मालमत्ता दोघांची असा कायदाच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात १२ कोटी दिले, पण त्याच निकालात नवऱ्याच्या संपत्तीशी बरोबरी करून देणं हा पोटगीचा हेतू नाही असंही सांगितलं.

आंबोलीपलीकडे | मंगळवार, रात्री ११.२०

असा कायदा आपल्याकडे नाही म्हणू नका! घाट उतरून गोव्यात या. माझं सासर इथलं, माहेर गडहिंग्लज. इथं १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता कुटुंबाच्या बाबतीत अजून चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र, आणि लग्न मोडलं तर निम्मी निम्मी. जमीन विकायची तर नवऱ्याला माझी सही लागते. लग्नाची नोंदणी करताना तिथल्या बाईंनी मला हे समजावलं तेव्हा मी दोनदा विचारलं होतं. माझ्या गडहिंग्लजच्या बहिणीला आणि मला एकाच आईबापानं वाढवलं, आणि दीडशे किलोमीटरच्या आत आमचे हक्क असे वेगळे.

भुदरगडची लेक | बुधवार, सकाळी ६.४५

धारा काढून आले आणि हे सगळं वाचलं. मला एक सांगा. बाई अपघातात गेली तर विम्याच्या दाव्यात कोर्ट तिच्या घरकामाचं मोल काढतं. ५ जानेवारी २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, घर सांभाळणारीचं मानीव, म्हणजे अंदाजानं ठरवलेलं, उत्पन्न धरलंच पाहिजे असा. म्हणजे मेल्यावर आमच्या कामाचा पगार मोजतात. मग जित्या बाईचा का मोजत नाहीत? चीनमध्ये २०२१ ला नवी नागरी संहिता आली तेव्हा बीजिंगच्या एका कोर्टानं घटस्फोटात पाच वर्षांच्या घरकामाचे ५०,००० युआन वेगळे दिले, हे पेपरात वाचलं होतं. रक्कम लहानच, पण 'घरकामाचे' म्हणून दिले.

माझ्या आजोबांनी आज्जीच्या नावावर वीस गुंठे केले होते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करण्याची, चळवळ काढली होती, तेव्हाची गोष्ट. आज्जी तो सातबारा ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवायची. आजोबा भांडले की म्हणायची, "माझ्या रानातनं जाऊ नगा, वळसा घालून जावा."

निवृत्त शिरस्तेदार | बुधवार, सकाळी १०.१०

लेकी, आज्जीला नमस्कार सांग.

दिल्लीत प्रयत्न झाला होता. विवाह कायद्यात दुरुस्ती करून घटस्फोटात बायकोला स्थावरात वाटा देण्याचं विधेयक राज्यसभेनं २०१३ मध्ये मंजूर केलं. लोकसभेत ते मंजूर झालंच नाही, २०१४ ला विरून गेलं. आपल्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला आणि काडीमोडीचाही कायदा त्याच सुमारास आणला. बडोद्यात सयाजीरावांनी हिंदूंना घटस्फोट दिला १९३१ ला, मुंबई प्रांतानं १९४७ ला. इतकं लवकर ज्या मातीत झालं, तिथं बाईच्या वाट्याला अजून पोटापुरतंच.

शिरोलीचा फौंड्रीवाला | बुधवार, दुपारी १.१५

काका, अर्ध्या वाट्याला माझ्यासारख्याचा जीव घाबरतो हे मी खोटं कशाला सांगू. माझ्याकडे दोन खोल्या आणि कर्ज. त्याचं अर्धं म्हणजे काय? पण वाटा एकदाचा देऊन मोकळं होता आलं असतं, तर दर महिन्याला पोलीस दारात यायची भीती राहिली नसती, हेही खरं. कर्जही अर्धं होतं का तिकडे?

ऱ्हाईनकाठ | बुधवार, संध्याकाळी ७.४०

वाढ मोजताना कर्ज वजा करूनच मोजतात. वाढ नसेल तर देणंही नाही. आणि पोटगी ठरवताना देणाऱ्याला जगण्यापुरती एक ठरावीक रक्कम राखून ठेवतात, तिला हात लावत नाहीत.

काळा कोट | बुधवार, रात्री ८.५५

आपल्याकडे पगार जप्त करताना थोडं तसं आहे: पोटगीच्या हुकमात एक तृतीयांश पगाराला हात लावता येत नाही. हे फक्त पगारापुरतं.

मेसेजमध्ये दोघीतिघींनी विचारलं म्हणून इथंच सांगते. गावात पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर लिहिलेली फारकत म्हणजे घटस्फोट नव्हे, समाजात तशी रूढी आहे हे सिद्ध केल्याशिवाय ती टिकत नाही. 'यापुढे पोटगी मागणार नाही' असं त्यात लिहून घेतलं असलं तरी १४४ चा हक्क जात नाही. एकरकमी की दरमहा? एकरकमी पोटगीवर आयकर नाही आणि दरमहाची रक्कम उत्पन्न धरली जाते, असं मुंबई उच्च न्यायालयानं १९८० च्या दशकातच सांगितलंय; पण खरा प्रश्न समोरचा दरमहा देईल का हा असतो. बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणात जाऊन अर्ज करायचा. आणि वर जायची वेळ आली तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर बसून मुंबईला जाऊन तारीख घेऊन परतायचे दिवस गेले.

बिंदू चौक | पुढचा शनिवार, रात्री १०.३०

सगळ्यांचं वाचलं. दोनदा. बहिणीलाही वाचून दाखवलं. व्हाइट बाईंचं ऐकून म्हणाली, "तिकडं बी म्हशीच हुत्या व्हय?" मी म्हटलं, गाई असतील.

काल वकिलांकडे गेलो. शेतीचा नमुना भरायला लावण्याचा अर्ज तयार केलाय, दूधसंस्थेकडून आणि कारखान्याकडून उतारे मागवण्याचाही. जुने फेरफार तलाठ्याकडून घ्यायचेत. बोजाचं वकिलांनी स्वतःहून सांगितलं नव्हतं, मी विचारलं तेव्हा 'मागू' म्हणाले. लेकीची मागणी वेगळी केली.

निघताना त्यांनी विचारलं, दूधधंदा ह्याच करत होत्या याला काही पुरावा आहे का? आम्ही दोघी गप्प. रात्री तिनं माहेरी आणलेली पिशवी उघडली. लेकीच्या जुन्या वह्यांच्या खाली दूधसंस्थेची चोपडी निघाली. एक नाही, अकरा. तारीख, सकाळ, संध्याकाळ, लिटर, फॅट. संस्थेचा शिक्का एकीकडे आणि दुसरीकडे तिच्या अक्षरात, कुठली म्हैस आटली, कुठली व्याली, पेंडीचे किती दिले. सासूला लिहिता येत नाही, म्हणून खातं त्यांचं आणि हिशेब हिचा. टाकून का दिल्या नाहीस विचारलं तर म्हणाली, "म्हशींची नावं हाईत की त्यात."

तारीख १८ ला आहे.

निवृत्त शिरस्तेदार | शनिवार, रात्री ११.०५

ताई, उद्याच सगळ्या चोपड्यांची झेरॉक्स काढा, पानावर नंबर घाला आणि यादीसह दाखल करा. मूळ चोपड्या कुणाच्याही हातात देऊ नका, वकिलांच्याही नको. साहेब मागतील तेव्हा बहिणीनं स्वतः पुढं कराव्यात. आणि अक्षर तिचंच आहे हे दाखवायला तिची शाळेची एखादी वही मिळाली तर तीही जवळ असू द्या.

बिंदू चौक | शनिवार, रात्री ११.१२

आईनं सातवीची वही ठेवलीय. माळ्यावर आहे. काढते.